पोह्यांच्या ट्रेमधला फोन

रुद्रेशचं स्थळ म्हणजे जमेची बाजू भक्कम. शिरोली एमआयडीसीत ओतकामाच्या कारखान्यात सुपरवायझर, राहतं घर स्वतःचं, सुपारीचंही व्यसन नाही. नावे टाकण्यासारखी एकच गोष्ट होती आणि ती त्याच्या आईनं, शालूबाईंनी, वहीच्या बाहेर ठेवली होती. मशीनच्या दणक्यानं त्याचे दोन्ही कान अधू झाले होते. डॉक्टरांनी कानाचं यंत्र सांगितलं.

"यंत्र लग्नानंतर," शालूबाई म्हणाल्या. "आधी ब्लूटूथ घाल. सगळीच पोरं घालत्यात."

युक्ती वाईट नव्हती. फोनमध्ये सोय असते. तो समोर ठेवला की त्याच्याजवळ बोललेलं सगळं कानातल्या ब्लूटूथमध्ये मोठं होऊन येतं. बहिरा माणूस उलट फॅशनेबल दिसतो.

कागलला गुरुसिद्धाप्पांच्या घरी मुलगी बघायला गेले, तेव्हा टीपॉयवर जागाच नव्हती. रुद्रेशनं फोन पोह्यांच्या ट्रेमध्येच ठेवला.

"पावणं, कानातलं काढत न्हाईसा व्हय?" आप्पांनी विचारलं. त्यांचा साधा आवाजही शेजारच्या गल्लीत जातो.

"कंपनीचा फोन येतोय कवाबी," मुलाच्या आधी शालूबाईच बोलल्या.

"आयतवारी बी?"

"आयतवारी तर जास्तच."

शांभवी समोर खाली मान घालून बसली होती. खाली मान घातलेल्याला ट्रे चांगला दिसतो. आप्पांनी हातातला पेपर टाकला तो नेमका फोनवर. तेवढ्यात तिनं विचारलं, "तुम्हाला शिफ्ट असते का?" पाहुणा नुसता गोड हसला. तिनं पेपर उचलला आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. आता उत्तर आलं. तिचा हिशेब तिथंच जुळला.

रिकाम्या बशा गोळा करून तिनं ट्रे उचलला, फोनसकट. रुद्रेशनं हात पुढं करेपर्यंत ती पडद्याआड गेलीसुद्धा.

आत तिची अज्जी, शिवम्मा, चहा गाळत होती. शांभवीनं ट्रे ओट्यावर ठेवला आणि फोनकडं वाकून हळूच म्हणाली, "ऐकू येतंय न्हवं? माझ्या लक्षात आलंय. कमी ऐकणाऱ्याशी संसार करता येतो. लपवणाऱ्याशी मला जमायचं न्हाय. आता तुम्ही सांगताय, का मी येऊन सांगू?"

"कुणाशी बोलतीस गं?" अज्जीनं विचारलं.

"पोह्याच्या ट्रेशी."

"बोल बाई. बाहेर बसलेल्यापेक्षा बरा असंल."

बाहेर शालूबाई वरच्या मजल्याच्या बांधकामाचं सांगत होत्या. मधेच रुद्रेश म्हणाला, "सांगतो मी."

"काय सांगतोस?"

आईचा प्रश्न त्याला पोचलाच नाही. त्याच्या कानात कागलच्या ओट्यावरची भांडी वाजत होती. त्यानं दोन्ही ब्लूटूथ काढून टीपॉयवर ठेवले.

"मला कमी ऐकू येतंय. कारखान्यात कान गेले. कंपनीचा फोनबिन काय नव्हता, तुमचं बोलणं कळावं म्हणून घातलं होतं. यंत्र बसवणार हाय. आता तुम्ही काय म्हणाल ते तेवढं मोठ्यानं म्हणा."

शालूबाईंनी पदर तोंडाला लावला. कुणीच बोलेना. पण कुणी बोलत नाही हे रुद्रेशला कुठं कळणार? तो बिचारा एकेकाच्या तोंडाकडं बघत राहिला.

शांभवी चहा घेऊन आली. ट्रेमध्ये फोन होताच. तिनं टीपॉयवरचे ब्लूटूथ उचलून त्याच्या हातावर ठेवले. त्यानं ते घालेपर्यंत ती थांबली, मग फोन वडिलांसमोर धरला.

"हितं बोला, आप्पा."

आप्पांनी लेकीकडं पाहिलं. तिची मान आता खाली नव्हती. मग चूल फुंकायला वाकावं तसे ते फोनवर वाकले.

"यंत्र कवा बसवणार?"

रुद्रेश एवढा दचकला की एका कानातलं निघून चहात पडता पडता राहिलं.

"हळू, आप्पा."

"हळूच बोललो की," आप्पा म्हणाले. "ह्या घरात आला तर यंत्राची गरजच लागायची न्हाय त्याला." आणि आत वळून त्यांनी आईला हाक दिली, "अव्वा, जेवणाचं बघ. पावणं जेवून जात्यात."

शालूबाईंनी तोंडावरचा पदर खाली घेतला.

"त्याला वांगं सोसत न्हाय," त्या म्हणाल्या. "आत्ताच सांगून ठेवते. मागनं लपवलं म्हणशीला."