धाकटीचं मागणं

“मावशी, तुम्ही काय मागणार?” पावाला लोणी लावता लावता शाळेच्या बाईंनी विचारलं.

हॉटेलच्या नाश्त्याच्या खोलीत यात्रेची सगळी मंडळी गळ्यात पिवळे स्कार्फ बांधून बसली होती. आजचा दिवस मुख्य. दुपारी मारिया मातेच्या गुहेत जायचं, तिथल्या खडकाला हात लावायचा आणि मनातलं मागायचं. एवढ्यासाठीच तर सगळे समुद्र ओलांडून या परक्या मुलखात आले होते. कुणाला नातू हवा होता, कुणाचे गुडघे धरले होते. बाईंच्या मुलीचं लग्न जमत नव्हतं.

“बघू,” मावशी म्हणाली आणि कपात तोंड घातलं.

“बघू काय? इतक्या लांब येऊन? तुमच्या बहिणीसाठी मागणार ना?”

“तिच्यासाठीच.”

“मग सरळ आहे की!” बाई म्हणाल्या आणि मुरंब्याची बाटली जवळ ओढली.

सरळ असतं तर मावशीला दोन घास तरी गेले असते.  

ती एका इस्पितळात वॉर्डात कामाला होती. चादरी बदलायच्या, भांडी द्यायची-घ्यायची, पेशंटला खुर्चीत बसवून एक्स-रेला न्यायचं. मोठ्या डॉक्टरांपासून पेशंटच्या नातवंडांपर्यंत सगळे तिला मावशी म्हणायचे, आणि यात्रेतल्या लोकांनीही दुसरं काही विचारलं नाही. ताई म्हणणारी एकच, तिची धाकटी बहीण. मावशीचा नवरा गेल्यावर दोघी एकत्र राहायला लागल्या. धाकटीने लग्न केलं नव्हतं. ती घरी बसून शिवणकाम करायची आणि रविवारी चर्चमध्ये गायची. यात्रेसाठी तिनेच स्वतःचं नाव दिलं होतं. मावशीला असल्या गोष्टींची हौस नव्हती. सुट्टी मिळाली की तिला फक्त झोप हवी असायची.

मग धाकटीच्या पोटात दुखायला लागलं. डॉक्टरांनी पोट उघडलं, आत बघितलं आणि परत शिवून घरी पाठवलं. “जन्मभर मी लोकांचं शिवलं,” धाकटी म्हणाली, “आणि मला शिवलं ते कच्च्या टाक्यांनी.” स्वतःच हसली आणि मग टाके दुखले म्हणून रडली.

निघायच्या आदल्या दिवशी तिने मावशीला पलंगावर बसवून घेतलं.

“माझ्या जागी जातेयस, तर एक ऐक. मी बरी व्हावी असलं काही मागू नकोस.”

“मग काय मागू?”

“सुटका माग. लवकर.”

“तोंड सांभाळ.”

“का? दिवसभर तिकडे पेशंट, इकडे आलीस की मी. तुला आरशात बघायला तरी वेळ असतो का? आणि मलाही कंटाळा आलाय, ताई. खरंच आलाय.”

“मी नाही मागणार असलं.”

“यात्रा माझी आहे. तू नुसती निरोप घेऊन जाणारी. निरोपात तुझं घालायचं नाही. शब्द दे.”

कळवळणाऱ्या पेशंटला मावशी जसं ‘हो हो, देते हं’ म्हणायची, तसं ती ‘हो’ म्हणून बसली. विमान वर चढलं तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण काय कबूल केलंय. वॉर्डात तिने असे कितीतरी जीव पाहिले होते ज्यांची सुटका व्हावी असं तिला मनापासून वाटलं होतं. पण ते दुसऱ्यांचे होते. आणि बरं करायचं मागावं, तर धाकटीचा शब्द मोडतो. शिवाय बरं होणं म्हणजे काय, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? आणखी चार महिने तसेच, त्याच पलंगावर?

नाश्ता झाल्यावर तिने यात्रेबरोबर आलेल्या फादरना जिन्याशी गाठलं. ते बसवाल्याची वाट बघत होते.

“फादर, एखाद्याने देवाकडे काहीतरी मागायला सांगितलं, आपण कबूल केलं आणि मागितलंच नाही, तर ते पाप का?”

“काय मागायचंय त्यावर आहे.”

“आणि मागितलं तर पाप का?”

फादरनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं. “मावशी, मला नीट कळलं नाही.”

“मलाही नाही कळलं, फादर.”

तेवढ्यात बस आली आणि फादर माणसं मोजायला धावले.

गुहेपाशी माणसांचा समुद्र होता. नाना देशांचे लोक, नाना भाषा आणि सगळ्यांच्या गळ्यात कसले ना कसले स्कार्फ. “माझ्या पिवळ्या स्कार्फवरून नजर हटवू नका,” बाईंनी मावशीला बजावलं होतं. मावशी इमानाने पिवळ्या स्कार्फच्या मागे चालत राहिली. तोंडाने ‘नमो मारिया’ चालू होतं, मनात ‘बरी कर’ आणि ‘सोडव’ यांची ओढाताण. बऱ्याच वेळाने पुढची बाई मागे वळली, तर त्या शाळेच्या बाई नव्हत्याच. निळ्या डोळ्यांची कुणीतरी होती. आजूबाजूला सगळे पिवळे स्कार्फच होते, पण त्यात ओळखीचा चेहरा एकही नव्हता.

ती भांबावून उभी राहिली. तिच्या शेजारीच चाकाच्या खुर्चीत एक म्हातारी होती. म्हातारीचा एक पाय पायदानावरून निसटून जमिनीवर घासत होता. मावशीला ते बघवेना. ती खाली वाकली, पाय उचलून नीट ठेवला, गुडघ्यावरची शाल सारखी केली. इस्पितळात दिवसातून शंभरदा करायची तसंच, काही विचार न करता. ती उठून उभी राहते तोच गणवेशातल्या एका स्वयंसेवकाने खुर्चीचे दांडे तिच्या हातात दिले, पुढे बोट दाखवलं आणि तो दुसरीकडे निघून गेला.

“अहो, मी नाही... ही माझी...” मावशी म्हणाली. कुणाला समजणार? मागून रांग रेटत होती. म्हातारी मान वळवून तिच्याकडे बघून हसली, जणू तिचीच वाट बघत होती. मावशीने खुर्ची ढकलायला सुरुवात केली.

गुहेकडे उतार होता आणि फरशी ओली होती. खुर्चीचं डावं चाक ओढ घेत होतं. मावशीचं सगळं लक्ष त्या चाकाकडे. वळणावर हळू, खड्ड्यापाशी जरा उचलून, ब्रेकवर एक हात. आत थंडगार अंधार होता. हजारो हातांनी खडक गुळगुळीत झाला होता. म्हातारीने हात वर केला, पण तो पोचेना. मावशीने तिला काखेत धरून किंचित उचललं. म्हातारीचा हात खडकाला टेकला, आणि तिने दुसऱ्या हाताने मावशीचा पंजा पकडून आपल्या शेजारी दाबून धरला. ती भराभरा काहीतरी पुटपुटत होती. मावशीच्या मनात त्या क्षणी एवढंच होतं: माते, हिला पडू देऊ नकोस.

मग ‘पुढे चला, पुढे चला’ अशा खुणा झाल्या आणि दोघी उजेडात आल्या.

बाहेर आल्यावर मावशीच्या लक्षात आलं. झालं? संपलं? ना हे मागितलं ना ते. तिने मागे बघितलं. रांगेचं शेपूट पार नदीपर्यंत गेलं होतं.

म्हातारीने तिला खाली ओढलं आणि तिच्या कानाला तोंड लावून काहीतरी सांगितलं. कळलं नाही म्हणून मावशीने मान हलवली. म्हातारीने पुन्हा तेच सांगितलं, सावकाश, लहान मुलाला शिकवावं तसं. तेवढ्यात एक तरुण बाई पळत आली, बहुधा तिची मुलगी. तिने मावशीच्या दोन्ही गालांचे मुके घेतले, रडली आणि खुर्ची घेऊन गर्दीत दिसेनाशी झाली. मावशी मोकळे हात घेऊन तशीच उभी राहिली.

“अहो मावशी! कुठे होतात? जीव टांगणीला लावलात!” बाई धापा टाकत आल्या. “फादर केव्हाचे शोधतायत. झालं ना दर्शन?”

“झालं.”

“मागितलंत?”

“मला परत जाता येईल का आत?”

“आता? बस निघतेय!”

परतीच्या बसमध्ये फादर मुद्दाम तिच्या शेजारी येऊन बसले. तिने सगळं सांगितलं, धाकटीचा निरोपसुद्धा. 

“देवाला कळतं, मावशी,” फादर म्हणाले.

“कळत असेल हो. पण काय कळलं असेल?”

फादर खिडकीबाहेर बघू लागले. त्यांचाही गोंधळ झालाय हे बघून मावशीला उगीच थोडं बरं वाटलं.

घरी पोचली तेव्हा दार धाकटीजवळ राहिलेल्या शेजारणीने उघडलं. “आहे, आहे,” ती आधीच म्हणाली, मावशीचा चेहरा बघून.

धाकटी उशांना टेकून बसली होती. चेहरा आणखी ओढला होता, डोळ्यांखाली काळं झालं होतं. शेजारीण जाईपर्यंत ती थांबली.

“मागितलंस?”

मावशीने वाटेत तीन-चार उत्तरं जुळवली होती. त्यातलं एकही तोंडून निघेना. “नाही. राहून गेलं.”

“राहून गेलं?”

मग मावशीने रांगेचं, पिवळ्या स्कार्फांचं, ओढ घेणाऱ्या चाकाचं सगळं सांगितलं. म्हणाली, “तुझा निरोप पोचवला नाही मी. माझंही काही मागितलं नाही. कुठल्या कोण बाईची खुर्ची ढकलून आले. आता तू काय शिव्या द्यायच्या त्या दे.”

धाकटीचे खांदे हलायला लागले. मावशी घाबरून उठली. पण धाकटी हसत होती, पोटावर हात दाबून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

“परदेशात जाऊनही ड्यूटीच केलीस!”

“हसतेस काय?”

“ताई, तू गेल्यापासून माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. म्हटलं, तू शब्दाची पक्की. जाशील, मागशील, आणि ते मिळालं तर? तू तिकडे आणि मी इथे, शेजारणीच्या हातावर?” तिने नाक पुसलं. “रोज म्हणत होते, माते, ताई काय म्हणेल ते ऐकू नकोस, निदान ती येईपर्यंत.”

“मग मला पाठवलंस कशाला असलं सांगून?”

“मला तरी कुठे कळत होतं मला काय हवंय ते?”



धाकटी पुढे उन्हाळ्यापर्यंत राहिली आणि एका सकाळी मावशी जवळ असतानाच गेली. तिचा त्रास काही चुकला नाही. आपण त्या दिवशी मागायला हवं होतं की नको होतं, आणि मागायचंच तर काय, हे मावशीला तेव्हाही कळलं नाही. पण तिला आठवते ती यात्रेहून घरी परतल्याची दुपार.

“डोक्याला घाण वास येतोय माझ्या,” धाकटी म्हणाली होती. “शेजारणीला सांगायची लाज वाटली.”

मावशीने प्रवासाची साडीही बदलली नाही. पाणी कोमट केलं, पलंगाच्या कडेला रबरी चादर घातली, धाकटीचं डोकं मांडीवर घेतलं आणि तांब्याने हळूहळू पाणी सोडलं. केस विरळ झाले होते. कानामागे, मानेवर, बोटं आपापली वाट शोधत फिरत राहिली. पुसून होतं न होतं तोच धाकटीला गाढ झोप लागली. डोकं अजून ओलंच होतं.

फोन वाजला. इस्पितळातून असणार, उद्यापासून हजर व्हायचं होतं. मावशीने तो वाजू दिला. तिच्या मांडीवरची ओल साडीतून आत झिरपत होती, पाय बधिर होत चालला होता, आणि ती हलत नव्हती.