दीडवर तडजोड

खात्यात तिला सगळे बाटलीबाई म्हणत. अकरा वर्षं ती खांद्याला पेटी अडकवून हातपंपांचं पाणी बाटल्यांत भरून प्रयोगशाळेत आणत होती. कुठल्या पंपात हाडं ताठरवणारं फ्लोराइड किती, हे तिला तोंडपाठ होतं. आता राज्याला मानक ठरवायचं होतं, म्हणजे जमिनीखालचं पाणी कुठवर पिण्याजोगं म्हणायचं, तो आकडा. तिच्याच नोंदींवरून मसुदा झाला होता: लिटरमागे एक मिलिग्रॅम.

सुनावणीच्या सकाळी तिनं फाइल उघडली, तर एकाच्या जागी दोन.

"साहेब, हे कुणी केलं?"

"वरून आलंय." साहेब चष्मा पुसत राहिले. "एक धरला तर निम्मे पंप बंद करावे लागतात. दोन धरला की बहुतेक सगळे सुरक्षित."

"पाणी तेच, आणि रातोरात सुरक्षित?"

"आवाज खाली ठेवा. आणि इथं सही करा."

तिचं डोकं फिरलं. "बाटल्या माझ्या, नोंदी माझ्या, आणि आकडा तुमचा? मी नाही सही करत." तिनं पेन असं आपटलं की टोपण उडून कपाटाखाली गेलं.

सुनावणीत कर्मचाऱ्यांना बोलायची मुभा नव्हती. मागच्या भिंतीशी मुठी आवळून ती उभी राहिली. तिच्या दादाची पाळी आली. दादा गवंडी. वहिनीनं दंडाला धरून त्याला माइकपर्यंत नेलं. तो फरशीकडे बघतच बोलायला लागला.

"जरा वर बघून बोला," व्यासपीठावरून समितीचे अध्यक्ष म्हणाले.

"मान वर होत नाही, साहेब. पाठीचं पार लाकूड झालंय. थापी सोडून पाच वर्षं झाली."

"वयोमानानं होतं असं," एक सदस्य पुटपुटले.

वहिनी कडाडली, "बेचाळीस वय आहे त्यांचं! माझे सासरे सत्तरीत भिंती बांधत होते. तेव्हा नदीचं पाणी होतं, तुमचा पंप नव्हता!"

बाटलीबाईला राहवलं नाही. ती मागूनच ओरडली, "त्या पंपाचा आकडा वाचा ना! एक पॉइंट आठ! दोन केलात तर उद्या हेच पाणी तुम्ही चांगलं म्हणणार!"

सभागृहात एकच गलका झाला. सदस्य आतल्या खोलीत गेले. दोन तासांनी अध्यक्षांनी जाहीर केलं, "सर्वांचा विचार करून दीड."

"भाजी घेताय का?" वहिनी म्हणाली. कुणी हसलं नाही.

दादाच्या गल्लीतला पंप बंद झाला, टँकर सुरू झाला. शेजारच्या गल्लीतल्या पंपाचं पाणी एक पॉइंट चार होतं. तो आता सुरक्षित ठरला. सभेत ओरडल्याबद्दल बाटलीबाईला नोटीस आली. तिनं एका ओळीत उत्तर दिलं: 'मी सांगितलेला आकडा खोटा असेल तर दाखवा.' नोटिशीचं पुढं काहीच झालं नाही.

मग साहेबांनी सुरक्षित पंपांना लावायच्या हिरव्या रंगाचा डबा देऊन तिला त्या शेजारच्या पंपाकडे पाठवलं. तिथं एक बाई कळशी भरत होती.

"आता चालेल ना प्यायला?"

"कपडे धुवा, भांडी घासा. पोरांना पाजू नका. प्यायला टँकरचंच घ्या."

ती तशीच परत आली आणि डबा साहेबांच्या टेबलावर ठेवला.

"झाला रंगवून?"

"नाही. ज्यांनी दीड केला, त्यांना पाठवा."