मुद्दाम ठेवलेली गळती

आमच्या सासऱ्यांनी चाळीस वर्षं नळदुरुस्ती केली. त्यामुळे पोटाच्या ऑपरेशननंतर पाय सुजले, तेव्हा डॉक्टरांना न विचारताच त्यांनी निदान करून टाकलं: कुठेतरी गळतंय, आधी मेन कॉक बंद. त्यांनी पाणी पिणंच सोडलं. जेवण तर आधीपासूनच नावापुरतं होतं. मी भरून ठेवलेली बाटली रोज खिडकीतल्या कुंडीत रिकामी होत होती, आणि मी स्वतः नर्स असून मला पत्ता नव्हता.

तिसऱ्या दिवशी ते बाथरूमच्या दारात चक्कर येऊन पडले. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर किडन्या हातच्या जातील. रक्तातली प्रथिनंही फारच खाली आली होती. माझा जीव टांगणीला लागला, आणि रागही आला.

घरी आणल्यावर मी त्यांच्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला, तो भरायचं नाव घेईना.

"बाबा, गळती आहेच, पण ती मुद्दाम ठेवलेली आहे. केसाहून बारीक रक्ताच्या नळ्या असतात. त्यांच्या भिंतींतून पाणी, साखर, प्राणवायू बाहेर जातो, म्हणून तर अंग जगतं. प्रथिनं मोठी, ती बहुतेक आतच राहतात आणि पाणी धरून ठेवतात."

"तरी थोडं बाहेर राहतच असेल."

"ते गोळा करून पुन्हा रक्तात सोडायला वेगळ्या नळ्या आहेत."

"म्हणजे माझ्यात धरून ठेवणारंच कमी पडलंय. बाहेर चिखल आणि लाइन कोरडी. आणि मी शहाणा वरून कॉक बंद करून बसलो."

त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं, त्यासाठी मी परीक्षेत दोन पानं खरडली होती.

"जन्मभर गळत्या बुजवल्या," ते आपल्या हाताच्या पंज्याकडे बघत म्हणाले. "इथे प्रत्येक नळी पाझरते आणि तरी सगळं जागच्या जागी. ज्याने हे जोडलं, त्याच्या हाताखाली काम करायला आवडलं असतं मला." इतकी वर्षं मी हे नुसतं पाठ केलं होतं, नवल पहिल्यांदा त्या दिवशी वाटलं.

अंड्याला नाक मुरडणारा माणूस मुकाट्याने रोज दोन खाऊ लागला. पाणीही प्यायचे. सकाळी नडगी दाबून खड्डा भरेपर्यंत मोठ्याने आकडे मोजायचे. चाळीस, मग पंचवीस, मग दहा. पाचव्या आठवड्यात खड्डा पडलाच नाही.

त्या संध्याकाळी मी बारा तासांची ड्यूटी करून आले आणि तशीच भांड्यांकडे वळले.

"बस जरा. पाय बघू तुझा."

मी संकोचून पाय मागे घेतला. "गप बस," म्हणत त्यांनी घोट्याच्या वर अंगठा दाबला. खड्डा पडला आणि तसाच राहिला.

"दिवसभर उभी असतेस. टाकी वर, नळ खाली. सगळा दाब तळालाच येणार."

हे मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. त्यांनी स्टूल ओढून माझे पाय वर ठेवले आणि बाह्या वर सारून भांडी घासायला लागले.