लडकू कंडक्टरचा पाय

“आंधळी झालीस का गो म्हातारे? उतर खाली! उतर आधी!”

लडकू कंडक्टर असा ओरडला आणि अंबाडी नाक्यावर खचाखच भरलेली वाडा-भिवंडी गाडी एकदम गप्प झाली. ड्रायव्हर चिंधूनंसुद्धा मान वळवून मागं पाहिलं. या मार्गावर लडकूची सगळी नोकरी गेली होती. शाळकरी पोरं त्याच्या घंटीच्या दोरीशी खेळायची, बायका त्याच्या भरवशावर गाठोडी गाडीत ठेवून खाली चहा प्यायला जायच्या. त्याचा चढा आवाज कुणी ऐकला नव्हता.

म्हातारी म्हणजे गुणाबाई. पहाटे मळ्यातली भाजी खुडून भिवंडीच्या बाजारात नेणारी. गर्दीत चढताना तिच्या डोक्यावरची काकड्यांची पाटी कलली, तिनं ती घाईनं खाली टेकवली आणि पाटीचा काठ नेमका लडकूच्या डाव्या पायाच्या अंगठ्यावर आला. लडकूच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. हातातला तिकिटांचा ट्रे निसटला, रंगीबेरंगी तिकिटं पायाखाली पसरली.

गुणाबाईनं वाकून तिकिटं वेचली, ट्रेमध्ये ठेवली, पाटी उचलली आणि खरंच खाली उतरली. गाडी सुटली तेव्हा ती नाक्यावर पाठमोरी उभी होती. मागची गाडी तासाभरानं होती. तोवर बाजारातलं पहिलं गिऱ्हाईक निघून जाणार, हे लडकूला ठाऊक होतं.

शेलार गावात घरी आल्यावर त्यानं बूट काढला तेव्हा बायको, गोदू, दारातच थबकली. अंगठ्याचा सांधा पिकल्या टोमॅटोसारखा लाल, तुकतुकीत झाला होता.

“अवं, ह्ये मुरगळलेलं न्हाय,” ती म्हणाली. “वर्षभर तुमी बोलताय मुरगळला, मुरगळला. कितींदा मुरगळायचा एकच अंगठा?”

“हळद लाव. उद्यापरत जाईल.”

पण दुसऱ्या दिवशी पहाटे पायावर चादरीचा काठसुद्धा सहन होईना. पंख्याची हवा लागली तरी ठणका उठे. आधीच्या वेळी गावातल्या एका मालिशवाल्यानं अंगठा ओढून, चोळून ‘शीर बसवली’ होती, तेव्हा लडकू आठवडाभर उठला नव्हता. या वेळी गोदूनं कुणाचं ऐकलं नाही. तिनं रिक्षा बोलावली आणि त्याला भिवंडीला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी पायाला हात लावायच्या आधी विचारलं, “हात लावू का?” लडकूला तेवढ्यानंच बरं वाटलं. रक्त तपासलं आणि दुसऱ्या दिवशी कागद बघून त्या म्हणाल्या, “काका, हे गाऊट. तुमच्या रक्तात युरिक अॅसिड वाढलंय. त्याचे बारीक खडे होतात आणि सांध्यात जाऊन बसतात. काचेच्या चुऱ्यासारखे.”

“खडे? मी तर तांदूळ निवडूनच खातो, बाई.”

डॉक्टरीणबाई हसल्या. मग विचारत गेल्या. सुकी मासळी? रोज. कोळंबी? मिळेल तेव्हा. मटण, कलेजी, वजडी? सणासुदीला. दारू? कधीमधी, पावण्यांत. पाणी किती पिता?

इथं लडकू अडखळला. “ड्युटीवर पानी पीत न्हाय बाई. प्यालं की गाडी थांबवावी लागते. भरल्या गाडीला कुठं थांबवू?”

“मग खडे धुऊन कसे जाणार?” बाई म्हणाल्या. “पाणी भरपूर प्या. सुकी मासळी, कलेजी, दारू बंद. दुखण्याची गोळी दुखेल तेव्हा. पण आठवड्यानं मी दुसरी एक गोळी सुरू करीन, ती रोज घ्यायची. दुखत नसलं तरी घ्यायची. दुखायचं थांबलं म्हणून लोक ती सोडतात आणि परत माझ्याकडे येतात.”

गोदू सगळं कान देऊन ऐकत होती. घरी येताच तिनं फळीवरचे सुकटीचे, जवळ्याचे, बोंबलांचे डबे उतरवले आणि शेजारी देऊन टाकले. संध्याकाळी ताटात मुगाची आमटी, दुधी आणि तांदळाची भाकरी आली.

“ह्ये काय? कोन आजारी हाय का?”

“तुमी हाय.”

लडकू चिडला, बडबडला, भाकरी तोंडात कोंबून पाण्याच्या घोटाबरोबर गिळली. खाडीकाठची माणसं ती. सुकटीची चिमूट नसेल तर त्यांना आमटीही आजाऱ्याची वाटते. पण ठणका ओसरला, आठवडाभरानं बूट पायात गेला आणि लडकू पुन्हा दोरी ओढायला उभा राहिला.

गुणाबाई मात्र त्याच्या गाडीला दिसेना. ती मागच्या गाडीनं जाते, असं चिंधूनं सांगितलं. अंबाडीला गाडी थांबली की लडकू उगाचच भाजीवाल्यांच्या घोळक्याकडे बघायचा.

उन्हाळ्यात वडप्याला त्याच्या भाच्याची, भूपेशची हळद निघाली. मेहुण्यानं, अनंतानं, हायवेलगतची जमीन गोडाऊनला दिली होती. घरावर नवे मजले चढले होते. मंडपात बियरची खोकी रचलेली, डीजेचा धडाका आणि मटणाच्या रश्श्याचा वास आळीभर. तोवर लडकूचं दुखणं पार गेलेलं होतं आणि रोजची गोळी कधी सुटली हे त्याचं त्यालाही आठवत नव्हतं. गोदू बायकांत हळद लावायला गेली होती.

“मामानंच तोंड गोड न्हाय केलं तं हळदीला काय अर्थ?” अनंतानं ताटात कलेजीची वाटी ठेवली. “तुजं पथ्य उद्या कर.”

“दाजी, डॉक्टरनी...”

“डॉक्टरला बी बोलव. तिला बी वाढू.”

सगळे हसले. लडकूही हसला. एक घास खाल्ला तेव्हा किती महिन्यांनी जिभेला काहीतरी कळलं असं त्याला वाटलं. मग वजडी आली, मग कुणीतरी बियरची गार बाटली हातात दिली. भाचा पाया पडला, मामानं त्याला मिठी मारली, नाचलाही थोडा. त्या दिवसाइतका आनंदात तो बऱ्याच वर्षांत नव्हता, आणि हे त्यानं पुढंही कधी नाकारलं नाही.

लग्न लागलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे अंगठा पेटला.

लग्नासाठी लडकू सगळी रजा संपवून बसला होता. गोदूनं त्याच्या तोंडाकडे बघत गोळी आणि पाणी पुढं केलं. बूट जाईना म्हणून तो रबरी चपलेत पाय सरकवून, रिक्षानं डेपोत गेला. जाताना फेरी कशीबशी झाली. वाड्याहून परत येताना मात्र तो कंडक्टरच्या सीटवर बसला तो उठूच शकला नाही. तोंड पांढरं पडलेलं, कपाळावर घामाचे थेंब. माणसं चढत होती, गाडी भरत होती, आणि तिकिटं फाडायला मागपर्यंत जायचं कसं, हे त्याला सुचेना. तिकीट न फाडता माणूस नेला आणि तपासणी आली तर नोकरीवर गदा. चिंधूला सांगून गाडी अर्ध्या वाटेत उभी करावी, तर उन्हात एवढी माणसं, लेकरं.

अंबाडीला गुणाबाई चढली. मागची गाडी त्या दिवशी रद्द होती, म्हणून नाइलाजानं. पाटी सीटखाली सरकवून ती मागं निघाली होती, एवढ्यात तिची नजर त्याच्या पायावर गेली. ती तिथंच थांबली.

“त्या दिवशी ह्योच पाय व्हता?”

लडकूनं मान हलवली. त्याला तिच्या डोळ्यांत बघवेना. “गुणामावशे, तवा मी...”

“ऱ्हाऊ दे ते. तू बस.” तिनं वळून गाडीभर आवाज टाकला. “अरे ऐका रं! कंडक्टरचा पाय गेलाय. कुनी त्याला उठवू नका. ज्यानं त्यानं कुठं जायचं ते बोला नि पैसं पुढं द्या. तिकीट मागं येईल.”

आणि झालं तसंच. मागच्या बाकावरून नोटा पुढं येऊ लागल्या, तिकिटं हातोहात मागं जाऊ लागली. “दोन भिवंडी!” “एक हाफ, शेलार!” कापडाच्या लूमवर ड्युटीला निघालेला एक भैया मधल्या दांड्याला धरून उभा होता, तो “आगे बढाओ, आगे बढाओ” करत मोडही बरोबर पोहोचवत होता. एका बाईनं आपल्या मांडीवरचं गाठोडं लडकूच्या पायाखाली दिलं. म्हणाली, वर ठेवा, खाली लोंबला की जास्त दुखतो. लडकू तिकिटं फाडत राहिला, पंच करत राहिला. ठणका चालूच होता.

पुढच्या थांब्याअलीकडे जीप आडवी उभी दिसली. तपासणी.

साहेब वर चढले. उंच, कोरड्या चेहऱ्याचे. कंडक्टर बसलेला, पायात रबरी चप्पल, पाय गाठोड्यावर. त्यांनी काही न बोलता मागच्या बाकापासून सुरुवात केली. “तिकीट.” “तिकीट.” लडकू मान वळवून एकेक हात बघत होता. एखादं हातोहात जाताना पडलं असेल, एखादा विसरला असेल. एक कागद कमी निघाला तरी त्याचं सगळं गेलं होतं.

एकाही माणसापाशी तिकीट नाही असं झालं नाही.

साहेब पुढं आले. “जागेवर बसून भरलेली गाडी बुक केली? सगळी तिकिटं? कशी?”

“आमी केली,” गुणाबाई म्हणाली. “त्यानं फाडली, आमी पोचवली. लिवायचं तं लिवा आमचं नाव. गुणाबाई, मुक्काम...”

“बस्स, बस्स, आजी.” साहेबांनी वाकून पाय बघितला. बराच वेळ बघितला. मग लडकूला म्हणाले, “दारू?”

“परवा हळदीत, साहेब. आज न्हाय. पन ह्ये त्याचंच फळ हाय.”

साहेबांनी हातातली वही मिटली. “उद्या या पायानं ड्युटीवर दिसलास तर लिहीन. मेडिकल रजा घे, घरी बस.” उतरता उतरता त्यांनी वळून गाडीकडे एकदा पाहिलं. “बरी माणसं मिळालीयत तुला.”

लडकू मेडिकल घेऊन घरी बसला, आणि परतला तो माणूस वेगळा होता असं नाही. फक्त गोळी रोज सकाळी चहाआधी घ्यायला लागला. पाण्याची मोठी बाटली दोरीशेजारी लटकू लागली. चिंधूनं आपला मार्ग काढला. वाटेतल्या पेट्रोल पंपावर गाडी वळवायची, “हवा बघतो जरा” म्हणायचं आणि टायरभोवती एक चक्कर मारायची. तेवढ्यात लडकू पंपामागं जाऊन यायचा. चिंधूच्या टायरांत रोजच हवा कमी कशी असते, हे सगळ्या गाडीला समजलं होतं आणि कुणी विचारत नव्हतं. गुणाबाई पुन्हा त्याच्याच गाडीनं येऊ लागली. पाटीतली एखादी काकडी त्याच्या ट्रेवर ठेवायची. “खा. पानीच हाय ते.” माफी मागायचं लडकूच्या मनात राहून गेलं, काकडी मात्र तो तिच्यासमोरच खायचा.

अधूनमधून अंगठा कुरकुरला, पण पहिल्यासारखा पेटला नाही. लडकू स्वतःच्या पायांवर निवृत्त झाला. निरोपाच्या दिवशी डेपोत त्यानं नवे बूट घातले होते.

त्या वर्षी नारळी पुनवेला तो आणि गोदू तिच्या माहेरी, खाडीकाठी गेले. जेवणं चालली होती. गोदूची भावजय मैना पंगतीत वाढत होती. गोदूपाशी येऊन ती म्हणाली, “वन्सं, आज तरी घ्या थोडे बोंबील. सनाचं हाय. किती वर्सं झाली, तोंडाला लावलं न्हाय तुमी.”

“नको गो. वाढ तिकडं,” गोदू म्हणाली आणि विषय बदलला.

लडकूचा हात ताटातच थांबला. त्याची अशी समजूत होती की तो ड्युटीवर गेला की गोदू आपल्यापुरतं काहीतरी भाजून खात असेल. बोंबलाचा वास आला की माहेर आठवतं म्हणणारी बाई ती. लग्न होऊन आली तेव्हा ट्रंकेत लुगड्यांबरोबर सुकटीची पुडी घेऊन आली होती म्हणून सासूनं तिला हसून घेतलं होतं.

येताना रिक्षात त्यानं विचारलं, “माज्या मागं बी कदी न्हाय खाल्लं?”

“न्हाय.”

“का गो?”

गोदू बाहेर खाडीकडे बघत होती. “घरात वास आला असता. तुमचं मन गेलं असतं. एकदा हळदीत गेलं तवा काय झालं, बघितलं ना.”

लडकूनं मांडीवरची पिशवी चाचपली. मैनेकडून त्यानं निघताना गुपचूप सुक्या बोंबलांची एक पुडी मागून घेतली होती, ती पिशवीत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोदू विहिरीवरून आली तेव्हा परसात धूर दिसला. लडकू तीन दगडांच्या चुलीपुढं उकिडवा बसून निखाऱ्यांवर बोंबील भाजत होता. दोन पार करपले होते, एक निखाऱ्यात पडून राख झाला होता. चिमटा धरायची सवय नव्हती.

“अवं, तुमी काय येडं झालाय का? तुमाला चालत न्हाय ते.”

“मी कुठं खातोय? बस तू.”

त्यानं भाकरी मोडली, करपलेले बाजूला काढून बरे बोंबील तिच्या ताटात ठेवले, वर कांदा फोडून दिला. गोदू बसली. मग तिनं एक बोंबील मधोमध मोडला, काटा ओढून काढला आणि घास घेतला. सावकाश चावत राहिली. लडकू समोर मांडी घालून, गुडघ्यावर हात ठेवून तिचं खाणं बघत होता.

“खारट हाय जरा,” ती तोंड भरलेलं असतानाच म्हणाली.

लडकूनं उठून माठातून तांब्याभर पाणी आणलं आणि तिच्या ताटाशेजारी ठेवलं.