निळं पांघरूण

फोन वाजला तेव्हा वनेटा सोफ्यावर तिच्या आणि टेरिलच्या बाळाचा, नायाचा, लंगोट बदलत होती. खोलीतली सगळी माणसं एकदम गप्प झाली. टेरिलने दोन्ही हात पँटला पुसले आणि फोन उचलला.

"लागला का नंबर?" पलीकडून त्याच्या आत्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"ठेव म्हणावं तिला फोन!" टेरिलची आई पर्लीन स्वयंपाकघरातून ओरडली. तिच्या हातातल्या झाऱ्यातून तेल ठिबकत होतं. "आजच्या दिवशी या फोनवर फक्त देवाने नाहीतर एखाद्या संघाने बोलायचं. बाकीच्यांनी घरी येऊन मासे खायचे!"

माणसं हसली. टेरिल हसला नाही. त्याने फोन पुन्हा टीव्हीसमोरच्या टेबलावर ठेवला, पडदा वर करून, अगदी मधोमध.

अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक संघांसाठी नव्या खेळाडूंच्या निवडीचा तिसरा, शेवटचा दिवस होता. मोठी नावं पहिल्या दोन दिवसांतच उचलली गेली होती. आता राहिलेल्या फेऱ्यांत संघ उरलेल्यांतून पोरं वेचत होते. टेरिल चौथ्या फेरीत जाईल असं सगळेच म्हणत होते. चौथी संपली. पाचवीच्या मध्यावर टीव्हीवरच्या माणसाने पडद्यावर टेरिलचा फोटो आणला.

"हा मुलगा का घसरतोय? आतल्या गोटातून ऐकतोय ते असं, की डोकेदुखी आहे. नोव्हेंबरच्या सामन्यापासूनची. त्याच्या विद्यापीठाच्या डॉक्टरांनाही त्याने सांगितलेलं नाही म्हणे."

पर्लीनच्या हातातला झारा थांबला.

"कसली डोकेदुखी? टेरिल, हा काय बरळतोय?"

"काही नाही गं ममा. टीव्हीवाले."

पण त्याची मान ताठ झाली होती. थोड्या वेळाने तो वनेटाकडे वाकून हळूच म्हणाला, "आमच्या विद्यापीठाच्या संघाचा तो मालिशवाला, ब्रँट. एकदा मला ओकताना बघितलं होतं त्याने. विकलं मला हरामखोराने."

वनेटाने बाळाच्या पायातला मोजा नीट केला. मग दुसराही केला, तो नीटच होता तरी.

मार्चमध्ये मिस्टर गॅलवे घरी आले होते. जवळच्याच शहरातल्या संघासाठी खेळाडू हेरणारे स्काउट. टेरिल तेव्हा व्यायामाला गेला होता आणि नाया रडून रडून लालबुंद झाली होती. त्यांनी कोट काढला, बाळाला खांद्यावर घेतलं आणि मागच्या ओसरीवर येरझाऱ्या घालून झोपवलं. सगळे टेरिलच्या पायांचं, खांद्यांचं विचारायचे. यांनी विचारलं, "तू झोपतेस का गं पोरी? आणि तो?"

कित्येक आठवड्यांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. आणि तिला भीती वाटत होती. रात्री तो झोपला की ती आधी बाळाचा श्वास बघायची, मग त्याचा. तिने सांगून टाकलं. काही दिवस त्याला उजेडच सोसत नाही. निजायच्या खोलीच्या खिडकीवर त्याने बाळाचं निळं पांघरूण खिळे ठोकून लावलंय. हे बरोबर नाही ना? कुणीतरी त्याला तपासायला हवं ना?

"आमचे डॉक्टर बघतील त्याला. माझ्यावर सोड," ते म्हणाले होते. "तुझी पोर आहे तशी माझीही एक आहे. ही गोष्ट या ओसरीवरच राहील."

सहावी फेरी संपली. शेजारपाजारचे काही जण, मासे फार छान झाले होते हो पर्लीन, असं म्हणत निघून गेले. सातव्या फेरीत गॅलवेंच्या संघानेही कुठल्याशा दुसऱ्याच मुलाचं नाव घेतलं. निवड संपली. कुणीतरी टीव्हीचा आवाज बंद केला.

आणि फोन वाजला.

"टेरिल, बेटा, गॅलवे बोलतोय." टेरिलने फोन स्पीकरवर टाकला. "बाकीचे सगळे घाबरून पळाले ना? पळू देत. आमचं बरंच झालं. निवड संपलीय, राहिलेल्या पोराला आता कुठलाही संघ थेट घेऊ शकतो, कुणाला विचारायला नको. सरळ आमच्याकडे ये. पैसे जरा कमी असतील, पण जागा आहे. काय म्हणतोस?"

"हो सर!" टेरिल उभाच राहिला. "येतो सर!"

पर्लीन मटकन खुर्चीत बसून रडू लागली. काकाने टेरिलच्या पाठीत थाप मारली. नाया दचकून जागी झाली.

"शुक्रवारी सराव सुरू," गॅलवे सांगत होते. आवाजात हसू होतं. "हॉटेलच्या खोलीला जाड पडदे आहेत, मी मुद्दाम सांगितलंय. तुझं ते निळं पांघरूण बाळालाच राहू दे."

टेरिल हसला. मोठ्या माणसाने थट्टा केली की हसायचं, तसा. मग ते हसू ओठांवर तसंच राहिलं, डोळ्यांतून मात्र गेलं.

"हो सर," तो म्हणाला. "थँक यू सर."

त्याने फोन टेबलावर ठेवला, पालथा. उठून गळ्यात पडलेल्या आईचे हात हळूच सोडवले. वनेटाकडे एकदा बघितलं आणि आत गेला.

ती बाळाला घेऊन मागोमाग गेली तेव्हा तो खिडकीपाशी उभा होता. हातोडीच्या मागच्या बाजूने एकेक खिळा उपटत होता.

"टेरिल, मला वाटलं ते तुला डॉक्टरकडे—"

शेवटचा खिळा निघाला. मावळतीचं ऊन सरळ त्याच्या तोंडावर आलं. त्याचे डोळे भरून आले, पण त्याने ते मिटले नाहीत, हातही आडवा धरला नाही. पांघरुणाची घडी घातली, काठाला काठ लावून, आणि तिच्या हातात दिली.

"बाळाचं आहे ते," तो म्हणाला.

बाहेर पर्लीन सगळ्यांना पुन्हा ताटं वाढत होती. "वनेटा," ती हाका मारत होती, "त्या भल्या माणसाचा नंबर दे गं. मला त्याचे आभार मानायचेत."