डब्यांचं जहाज

स्टेशनाबाहेर गोजरबाईंनी टांग्याच्या पायरीवर पाय ठेवला आणि परत खाली घेतला.

"माही चप्पल तुटली."

इंद्रभानानं घड्याळ पाहिलं. शेगावला मुंबईच्या गाडीतून उतरल्यापासून तो सारखा घड्याळ पाहत होता, आणि त्याची बायको मंजुळा दर वेळी त्याच्याकडे पाहत होती. चप्पल तुटलेली नव्हती. अंगठा थोडा सैल झाला होता, तो दिवाळीपासूनच सैल होता. पण सासूबाई टांग्याच्या चाकाला टेकून खाली बसल्या आणि जगात दुसरं काही काम नसल्यासारख्या चपलेशी झटू लागल्या. मग उठून टांगेवाल्या कचरूच्या कानाशी म्हणाल्या, "घोड्याले पळवू नको, बाबा. सावकाश चाल."

मंजुळाला कारण माहीत होतं. सकाळी चिखलीहून येताना एसटीतच सासूबाईंनी सांगून टाकलं होतं, "दुपारची गाडी चुकली पायजे त्याची. तू फक्त गप राह्य."

इंद्रभान मालवाहू जहाजावर खलाशी होता. ज्या गावात उन्हाळ्यात बैल धुवायला पाणी नसतं, तिथला पोरगा समुद्रावर गेला याचं लोकांना अजूनही हसू येई. पूर्वी जहाज मुंबईला लागलं की पोती, गाठी, पेट्या उतरवण्यात पंधरवडा जाई आणि तेवढ्यात तो घरी येऊन राहून जाई. दिवाळीत आला तेव्हा मात्र ओट्यावर बसून तो नव्या जहाजाचं कौतुक सांगत होता. सगळा माल लोखंडी डब्यांत बंद, क्रेननं डबे उचलायचे, दीड दिवसात जहाज मोकळं. आता घरी येणं जमायचं नाही, भेटायचं तर शेगावला या, महाराजांचं दर्शन घेऊ, दुपारच्या गाडीनं मी परत.

"सरकारनं अनुदान देऊन बांधलं, माय. आपल्या देशाचं जहाज."

"सरकारले समुद्रात काय पेराचं हाय?" गोजरबाई म्हणाल्या होत्या.

त्याच बैठकीत त्यानं करारही समजावला होता. जहाजवाल्या कंपन्यांनी आपसात ठरवून घेतलं होतं, कोणी कोणत्या फेऱ्या मारायच्या, भाडं किती घ्यायचं. माणसांच्या बाबतीतही त्यांची एकी होती. एका कंपनीनं नाव काटलं की दुसरी दारात उभं करत नसे. बाकीचं सगळं गोजरबाईंच्या डोक्यावरून गेलं, पण हे वाक्य त्यांनी पदराला गाठ मारावी तसं जपून ठेवलं. गाडी चुकली की जहाज चुकेल, जहाज चुकलं की नाव कटेल, आणि मग पोरगा कायमचा घरी. एवढ्या मोठमोठ्या कंपन्यांचा करार आपल्या कामी येणार याचा त्यांना भारी आनंद झाला होता.

मंदिरात त्यांनी रांगेतली दोन कुटुंबं हात जोडून पुढे जाऊ दिली. समाधीसमोर डोळे मिटून त्या मोठ्यानं म्हणाल्या, "माह्या लेकाले इथंच ठेव, बाबा." इंद्रभान शेजारीच उभा होता. त्यानं मान खाली घातली आणि पुन्हा घड्याळ पाहिलं.

मग महाप्रसादाची पंगत. गोजरबाई एकेक शीत निवडून खात होत्या. इंद्रभानाच्या पत्रावळीवरचा भात तसाच होता आणि त्याचा गुडघा सारखा हलत होता. मंजुळाला तो हवा होता. रात्री अंगण झाडून दार लावताना रोज हवा होता. पण असा नको होता, फसवून बांधून ठेवलेला. दिवाळीत त्या जहाजाबद्दल बोलताना त्याचे डोळे कसे चमकले होते ते तिनं पाहिलं होतं.

"तुमी निघा," ती एकदम म्हणाली. "आत्याबाई मुद्दाम उशीर करून राह्यल्या. चप्पल नव्हती तुटली. आता पळाल तं गाडी सापडन."

"मंजुळे!" गोजरबाईंचा हात पत्रावळीवरच थांबला.

इंद्रभान उठला नाही. त्यानं भातात वरण कालवायला घेतलं.

"जेव तू," तो बायकोला म्हणाला.

"अन् जहाज?"

"ते कवाच गेलं. त्या जहाजाले माणसं कमी लागतात. चार जहाजांचा माल एकटं नेते. आमच्या कंपनीनं जुनी जहाजं भंगारात देल्ली. नव्याच्या यादीत माहं नाव नाही."

"कवापासून?"

"होळीपासून. रोज गोदीवर जाऊन उभा राह्यत होतो."

गोजरबाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. "मंग घड्याळ कायले पाहून राह्यला बे, सकाळपासून?"

"गाडीत बसून परत जाव का तुमाले सांगाव, ठरतच नव्हतं, माय."

वाढपी वरणाची बादली घेऊन समोर आला आणि कोणीच काही मागेना म्हणून पुढे गेला.

"दुसरी कंपनी?" गोजरबाईंनी विचारलं.

"सगळ्याइचा करार हाय. मी सांगतलं होतं न."

"असा कसा करार? एखांदी तं असन करारात नसलेली!" त्यांचा आवाज चढला, शेजारच्या पंगतीतल्या बायका वळून पाहू लागल्या. गोजरबाईंनी समाधीच्या दिशेनं तोंड केलं. ओठ हलले, पण आता काय मागावं ते त्यांना सुचलं नाही.

लांबून गाडीची शिट्टी आली. इंद्रभान सवयीनं अर्धा उठला, पत्रावळ कलंडली, आणि तो परत खाली बसला. मंजुळानं सांडलेला भात गोळा केला.

सगळ्यात आधी गोजरबाई उठल्या. हात धुऊन त्यांनी बाहेर चपला घातल्या आणि म्हणाल्या, "चाल टेसनावर."

"आता कायले, माय? गाडी गेली."

"तुही कपड्याची पेटी असन ना तिथं. घरी नेऊ."

इंद्रभानानं चपलेत पाय सरकवले.

"हाव," तो म्हणाला. "सामानघरात ठेवली."

कचरू झाडाखाली टांगा लावून बसला होता. गोजरबाई न अडखळता चढल्या.

"हाक लवकर."

"आता कोणती गाडी हाय, आजी?" कचरूनं लगाम हातात घेत विचारलं.

पायाशी पेटीपुरती जागा ठेवून गोजरबाई एका बाजूला सरकून बसल्या.