छातीतून निघालेला पांढरा धूर

वेल्डर मन्मथ नळीनं फुंकत राहिला आणि पेल्यातलं नितळ पाणी दुधासारखं पांढरं झालं. औसा रोडवरच्या वेल्डिंग कारखान्यासमोर जमलेली गर्दी "हर हर महादेव!" करून उठली.

"निघाला छातीतला धूर!" फुंकरबाबा गरजला. "आज ताप, उद्या गायब! मास्क नको, पंखा नको, डॉक्टर तर नकोच नको!"

मालक वीरेशशेठ हात जोडून डोलत होता. डोलणारच. बाबा त्यानंच आणलेला. धूर ओढणाऱ्या पंख्यापेक्षा बाबा स्वस्त पडतो.

मन्मथची आई उमाबाई मात्र डोलत नव्हती. जस्ताचा मुलामा असलेले पाईप जोडले की संध्याकाळी लेकाला हुडहुडी भरायची, ताप चढायचा. शेठ गुळाचा खडा द्यायचा, "गुळानं धूर पोटात उतरतो" म्हणायचा. आता तर लेक जिना चढतानाही मध्येच टेकायचा. ऐन पंचविशीत!

शेजारचे अश्वजित मास्तर शाळेत विज्ञान शिकवायचे. पेला बघून ते पुढं झाले.

"उमाक्का, आता तुमी फुंका."

"म्या? म्या कवा वेल्डिंग केली?"

"म्हणूनच."

तिनं फुंकलं. पाणी पांढरं!

"चुलीचा धूर हाय त्यो!" बाबा ओरडला.

"आमच्यात गॅस हाय, मुडद्या! आता तू फुंक की!"

गर्दी खदखदली. बाबा काही नळीला तोंड लावीना.

मास्तर म्हणाले, "ही चुन्याची निवळी हाय. कुणाच्याबी श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडनं पांढरी होते. जस्ताच्या धुराचा ताप बहुतेक एक-दोन दिवसांत आपोआप उतरतो. नाव बाबाचं होतं. अन् गूळ जातो पोटात, धूर जातो फुफ्फुसात. रोज असा धूर ओढला की छाती कायमची निकामी होते, शेठ!"

"झालं भाषण? मन्मथ, चल, पाईप पडलेत."

मन्मथ सवयीनं उठला. उमाबाई शटरमध्ये आडवी उभी राहिली.

"आधी धूर ओढणारा पंखा बसीव. खरा मास्क दे, फडकं न्हाई. तवर माझं लेकरू वेल्डिंगचा होल्डर हातात धरणार न्हाई."

"दुसरी लई पोरं हायत मला!"

शेठनं पोरांकडं बघितलं. एकाला खोकल्याची उबळ आली. जागचं कुणी हललं नाही.

बाबांनो, फुफ्फुसाला मंत्र कळत नाही. त्याला चांगली हवा लागते. ती बाबाकडं मागू नका, मालकाकडं मागा. हात जोडून नाही, छाती शाबूत आहे तोवर ठणकावून मागा!